गारीचा गोळा आणि उपवासाचा साबुदाणा

विरारच्या एक स्टेशन अलीकडे, नालासोपारा पूर्वेच्या प्रगतीनगर भागात नायजेरियन नागरिकांची वस्ती आहे. ती अधूनमधून बातम्यांत येते, पण बहुतेक वेळा पोलिसांच्या कारवाईमुळे. हे शेजारी जेवतात काय, याची चौकशी कुणी फारशी करत नाही. पश्चिम आफ्रिकी जेवण म्हणजे काहीतरी अनोळखी, उग्र वासाचं आणि पोटाला न झेपणारं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्या ताटातले निम्मेअधिक पदार्थ वसई-विरारच्या कुठल्याही बाजारात मिळतात. वेगळी आहे ती ते करण्याची रीत, आणि आरोग्याच्या दृष्टीने खरी गोष्ट त्या रीतीतच आहे.

अशा खाणावळीत बसलं की आधी हात धुवायला पाण्याचं भांडं येतं. मग एका थाळीत पांढरट-पिवळा, मऊ, गरम गोळा आणि शेजारी वाडगाभर दाट रस्सा. रश्शाला तिथे ‘सूप’ म्हणतात, पण हे सूप चमच्याने प्यायचं नसतं. उजव्या हाताने गोळ्याचा घास तोडायचा, बोटांत वळायचा, अंगठ्याने खळगा करून त्यात रस्सा उचलायचा आणि न चावता गिळायचा. म्हणूनच नायजेरियाच्या इंग्रजीत अशा सगळ्या गोळ्यांना ‘स्वॉलो’ हे एकच नाव आहे.

हा गोळा बऱ्याचदा ‘गारी’चा असतो आणि गारी होते कसाव्यापासून. कसावा म्हणजे टॅपिओका, अर्थात तोच कंद ज्याच्यापासून आपला साबुदाणा बनतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा कंद पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आफ्रिकेत नेला आणि पुढे तो केरळातही पोहोचला. तिथे १८८० च्या दशकात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाल यांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. तमिळनाडूतल्या सेलमचे साबुदाण्याचे कारखाने त्यानंतरचे. आज जगात सर्वाधिक कसावा नायजेरियात पिकतो. एकादशीची खिचडी आणि नायजेरियन घरातला रोजचा गोळा एकाच मुळाचे, म्हणजे दोन्ही परदेशीच.

मात्र हे मूळ साधं नाही. कच्च्या कसाव्यात लिनामरिन नावाचा घटक असतो. कंद किसला, ठेचला की त्यातलंच एक विकर लिनामरिनवर काम करतं आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. कडू जातींत त्याचं प्रमाण धोकादायक असतं. गारी करताना कंद सोलून किसतात, कीस पोत्यात भरून वर वजन ठेवतात आणि दोन-तीन दिवस आंबू देतात. पाणी निथळून जातं, विष मोकळं होतं. मग हा कीस चाळून मोठ्या कढईत सतत ढवळत भाजतात. हायड्रोजन सायनाइड २६ अंशांच्या आसपासच उकळतो, त्यामुळे भाजताना उरलासुरला उडून जातो. गारीचा आंबूसपणा चवीपुरता नाही. तो विष उतरवण्याच्या कामाची खूण आहे. अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या कोडेक्सने गारीत किलोमागे २ मिलिग्रॅमपर्यंतच हे आम्ल चालेल असं म्हटलं आहे. साबुदाण्यात तेच काम पाणी करतं: कंद वाटून, वारंवार धुऊन, फक्त तळाशी बसलेला स्टार्च घेतात.

ही मेहनत चुकवली की काय होतं, हे १९८१ साली मोझांबिकमध्ये दिसलं. दुष्काळात दुसरं पीक उरलं नाही. भुकेपोटी लोकांनी कडू कसावा पुरेसा न वाळवता खाल्ला. हजाराहून अधिक जणांना, त्यात बहुसंख्य बायका आणि मुलं, दोन्ही पायांचा ताठर अर्धांगवात झाला. तो बरा होत नाही. या आजाराला ‘कोन्झो’ म्हणतात. काँगोतल्या याका भाषेत त्याचा अर्थ ‘बांधलेले पाय’.

कोन्झो झालेल्यांच्या आहारात आणखी एक गोष्ट नव्हती: प्रथिनं. शरीर थोडंफार सायनाइड निकामी करू शकतं, पण त्यासाठी त्याला गंधकयुक्त अमिनो आम्लं लागतात आणि ती मासे, मांस, अंडी यांतून येतात. आता पुन्हा त्या वाडग्याकडे पाहावं. ‘एगुसी’ हे नायजेरियाचं आवडतं सूप कलिंगडाच्या जवळच्या नात्यातल्या एका फळाच्या बिया वाटून करतात, म्हणजे आपल्याकडच्या मगजासारखंच. या बियांत जवळपास निम्मं तेल आणि पाव हिश्शाच्या आसपास प्रथिनं. त्यात पालेभाजी, मटण किंवा मासा आणि वरून ‘क्रेफिश’ची पूड. क्रेफिश म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वाळणारा जवळा ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना हा वास परका वाटायचं कारण नाही. नुसत्या स्टार्चच्या गोळ्याला असा रस्सा जोडणाऱ्या स्वयंपाकिणींनी जीवरसायनशास्त्र शिकलेलं नव्हतं, पण जोडी अचूक जमली.

बाकीची ओळख तर आणखी जुनी. चवळी मूळची आफ्रिकेतलीच; घानातल्या किंतांपो संस्कृतीच्या अवशेषांत ती साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासून सापडते. नायजेरियात ती भिजवून, सालं काढून वाटतात. तळली की ‘अकारा’, वाफवली की ‘मोई मोई’. भिजवलेलं पाणी आणि सालं गेल्यामुळे चवळीचा वातूळपणा कमी होतो. ज्यांना कडधान्यं सोसत नाहीत त्यांनी सुरुवात मोई मोईपासून करावी. बाजरीची सर्वात जुनी लागवड सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची, आजच्या मालीतली. ‘दोदो’ म्हणजे तळलेली पिकी केळी, आणि ती भाजीच्या केळ्यांच्या त्याच कुळातली ज्यात वसईच्या सुकेळ्यांची राजेळी मोडते. भाताचा प्रसिद्ध ‘जोलोफ’ टोमॅटो, कांदा आणि लाल मिरचीच्या वाटणात शिजतो. त्याचं नाव सेनेगलच्या वोलोफ लोकांवरून आलं. तो कुणाचा चांगला यावरून नायजेरिया आणि घाना यांच्यात जे भांडण चालतं, त्यापुढे आपला मिसळीचा वाद सौम्यच म्हणायचा.

कौतुकाबरोबर सावधगिरीही हवी. रश्शावर तरंगणारं केशरी तेल हे न शुद्ध केलेलं लाल पामतेल. त्यात बीटा-कॅरोटीन भरपूर असतं, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. आपल्याकडे फरसाणातून पोटात जाणाऱ्या शुद्ध केलेल्या पामतेलातून ते निघून गेलेलं असतं. पण संतृप्त चरबी दोन्हींत सारखीच, जवळपास निम्मी. रंगाने हुरळून जाऊन वाडगा चाटूनपुसून संपवण्यात हृदयरोग्याचा फायदा नाही. दुसरी गोष्ट मीठ. पश्चिम आफ्रिकेत ‘मॅगी’ म्हटलं की शेवया नव्हे, रश्शात कुस्करायची मसाल्याची वडी आठवते, आणि अशा वड्यांत सर्वाधिक वाटा मिठाचाच असतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. रक्तदाबाच्या रुग्णाने ऑर्डर देतानाच वडी कमी घालायला सांगितलेलं बरं.

मधुमेहींनी गोळ्याकडे जरा हिशेबाने पाहावं. १०० ग्रॅम कोरड्या गारीत ८० ग्रॅमहून अधिक कर्बोदकं असतात, तर मध्यम आकाराच्या पोळीत साधारण १५ ते २०. गरम पाण्यात फुललेला एक भरघोस गोळा चार-पाच पोळ्यांची बरोबरी सहज करतो, आणि न चावता गिळल्यामुळे किती खाल्लं हे उशिरा कळतं. अर्धा गोळा, पूर्ण वाडगा असा उलटा हिशेब ठेवला तर हे जेवण त्यांनाही जमतं. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनी क्रेफिशची चौकशी आधीच करावी, कारण ती पूड दिसत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ‘सुया’ टाळावा. त्या भाजलेल्या मांसावरच्या मसाल्यात शेंगदाण्याची पेंड असते. खाणावळीच्या भिंतीवर अन्न परवान्याचा क्रमांक आहे का, हे इतर कुठल्याही हॉटेलात पाहावं तसंच इथेही पाहावं.

जेवणानंतर ‘झोबो’ मागवता येतो. ते लाल अंबाडीच्या बोंडांचं आंबट, गर्द लाल सरबत. काही छोट्या चाचण्यांत त्याने वरचा रक्तदाब थोडा उतरल्याचं दिसलं आहे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारावं. साखर मात्र आधीच घातलेली असते. ती कमी हवी असेल तर बसल्या बसल्याच सांगून ठेवावं.