काळ्या चेहऱ्यावरचे लाल नाक

माणसाला हसवणे ही मोठी कला आहे, असे सगळेच म्हणतात. पण हे हसू कोणाच्या जिवावर उभे करायचे, हे फारसे कोणी विचारत नाही. ब्रिटनच्या टी.व्ही.चा पडदा पाच दशके गाजवणाऱ्या लेनी हेन्री या कृष्णवर्णीय विनोदी नटापुढे हा प्रश्न कोवळ्या वयातच येऊन उभा राहिला. त्याचे उत्तर शोधण्यात त्याची पुढची कित्येक वर्षे गेली. ती हकिगत आपल्या घरातल्या मुलामुलींनी वाचावी अशी आहे.

लेनीचा जन्म २९ ऑगस्ट १९५८ चा, इंग्लंडमधल्या डडली गावचा. या मुलखाला ‘ब्लॅक कंट्री’ म्हणजे काळा मुलूख म्हणतात. हे नाव माणसांच्या रंगावरून पडलेले नाही, ते पडले कोळशाच्या खाणी आणि भट्ट्यांच्या धुरावरून! आईबाप जमैकाचे. आई विनिफ्रेड पोटासाठी आधी एकटीच इंग्लंडला आली, मागून नवरा आणि मुले आली. सात भावंडांच्या या घरात इंग्लंडच्या मातीत जन्मलेला पहिला तो लेनी. वडील कारखान्यात कामगार. आई कडक, हाताने आणि जिभेनेही. तिचा मुलांना एकच हुकूम असे: इथल्या माणसांत मिसळा, वेगळे राहू नका.

मिसळायचे कसे? १९६८ साली, लेनी नऊ वर्षांचा असताना, शेजारच्या वॉल्व्हरहॅम्प्टनचा खासदार इनॉक पॉवेल याने बर्मिंगहॅममध्ये परदेशांतून आलेल्या काळ्या-सावळ्या लोकांविरुद्ध विषारी भाषण केले. या लोकांना पैसे देऊन मायदेशी परत पाठवा, अशी त्याची मागणी होती. शाळेच्या मैदानात त्याचे पडसाद न उमटते तरच नवल. मार खाता खाता एखादी गमतीची गोष्ट बोलली की मारणाऱ्याचा हात थांबतो, हे लेनीला तिथेच कळले. पुढे मोठेपणी त्याने पॉवेलचीही भरपाई केली. पॉवेलसाहेब मला घरी जायला हजार पौंड देणार म्हणतात, बरेच झाले, डडलीला जायला बसचे तिकीट कितीसे पडते, असा त्याचा विनोद होता.

शाळा संपवून तो कारखान्यात उमेदवारी करू लागला. संध्याकाळी क्लबांतून नकला. १९७५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो ‘न्यू फेसेस’ या टी.व्ही. स्पर्धेत उतरला. प्रेक्षकांकडे पाठ करून त्याने त्या काळच्या एका लाडक्या गोऱ्या विनोदी पात्राचा हुबेहूब आवाज काढला आणि मग गर्रकन वळला. आवाज गोऱ्याचा, तोंड काळ्या पोराचे! सभागृह दणाणून गेले. लेनी जिंकला.

आणि जिंकल्यावर त्याला काम कुठे मिळाले? ‘ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’मध्ये.

वाचकहो, हा शो काय होता ते नीट समजून घ्या. गोरे गायक तोंडाला काळे फासून, डोळे आणि ओठ पांढरे रंगवून, अमेरिकेतल्या काळ्या गुलामांची सोंगे आणत आणि गात-नाचत. १९५८ साली, म्हणजे लेनीच्या जन्माच्याच वर्षी, बीबीसीने तो टी.व्ही.वर सुरू केला. १९६७ मध्ये वर्णभेदविरोधी कार्यकर्त्यांनी तो बंद करण्यासाठी अर्ज केला, तरी पडद्यावर तो १९७८ पर्यंत चालला आणि रंगमंचावर त्यानंतरही. त्या रंगमंचीय खेळात लेनी काही वर्षे होता. भोवती काळे फासलेले गोरे आणि त्यांच्यामध्ये एकटाच खराखुरा काळा पोरगा! आपण इथे का उभे आहोत, हे त्याला रोज रात्री टोचत होते. या दिवसांची लाज आणि उदासी त्याने पुढे मोकळेपणाने सांगितली आहे. त्याचे स्वतःचे विनोदही तेव्हा स्वतःच्याच कातडीवर असत. दुसऱ्याने हसण्याआधी आपणच आपल्यावर हसून घ्यायचे, म्हणजे घाव कमी लागतो, ही ती जुनी युक्ती.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. रात्री वगात पाटलाची टर उडवणारा सोंगाड्या सकाळी त्याच पाटलाच्या ओट्याखाली उभा राहत असे. टाळ्या मिळतात म्हणून मान मिळतोच असे नाही. आणि सोळा वर्षांच्या पोराला दोष देणे सोपे आहे. करारावर सह्या घेणाऱ्या थोरांना कोण विचारतो?

बदल हळूहळू झाला. १९७६ साली ‘द फॉस्टर्स’ या कृष्णवर्णीय कुटुंबावरच्या मालिकेत तो अनुभवी काळ्या नटांबरोबर उभा राहिला. मग ‘टिसवास’, ‘थ्री ऑफ अ काइंड’ आणि १९८४ पासून स्वतःच्या नावाचा ‘लेनी हेन्री शो’. जात-वर्ण आणि बायकांवरचे हीन विनोद नाकारणारी नव्या विनोदकारांची पिढी तेव्हा पुढे येत होती. तिच्या संगतीत लेनीनेही जुने विनोद टाकून दिले. आता तो ब्रिक्स्टनच्या काळ्या पोरांची बोली, त्यांची ऐट रंगवू लागला. लोक त्याच्यावर हसण्याऐवजी त्याच्याबरोबर हसू लागले.

१९८५ मध्ये इथिओपियात दुष्काळाने हाहाकार उडाला होता. लेखक रिचर्ड कर्टिस आणि लेनी यांनी मिळून ‘कॉमिक रिलीफ’ ही मदतसंस्था काढली. त्या वर्षीच्या नाताळच्या दिवशी सुदानमधल्या सफावा येथील निर्वासितांच्या छावणीतून बीबीसीवर तिची घोषणा झाली. ५ फेब्रुवारी १९८८ ला पहिला ‘रेड नोज डे’ झाला. त्या दिवशी लोकांनी विदूषकाचे लाल नाक विकत घेऊन लावायचे, शाळेत-कचेरीत काहीतरी वेडेपणा करायचा आणि त्याबद्दल ओळखीच्यांकडून देणगी गोळा करायची. रात्रभर टी.व्ही.वर विनोदाचा कार्यक्रम. पहिल्याच वेळी दीड कोटी पौंड जमले! आफ्रिकेबरोबरच हा पैसा ब्रिटनमधल्या गरिबांसाठीही वापरला गेला. २०१५ पर्यंत एकूण रक्कम शंभर कोटी पौंडांच्या वर गेली. शाळकरी पोरांनी टाकलेली नाणीही त्यात आहेत.

या कामावर टीकाही झाली आणि ती होणे योग्यच होते. संस्थेचा काही पैसा शस्त्रे, दारू आणि तंबाखूच्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये गुंतल्याचे खुद्द बीबीसीनेच २०१३ मध्ये उघड केले. २०१९ मध्ये कृष्णवर्णीय खासदार डेव्हिड लॅमी यांनी आणखी खोलवर बोट ठेवले. गोऱ्या तारकांनी आफ्रिकेत जायचे, काळे मूल कडेवर घ्यायचे आणि फोटो काढायचा. म्हणजे आफ्रिका कायम हात पसरलेली आणि गोरा कायम तारणहार! २०२० मध्ये संस्थेने तारे-तारकांना असे पाठवणे बंद करण्याचे आणि तिथल्याच चित्रपटकारांकडून फिल्म करून घेण्याचे ठरवले. भुकेल्याला घास द्यावा, पण देताना त्याची मान खाली घालू नये, हे कळायला पस्तीस वर्षे लागली.

आणि शिक्षण? कामापायी राहून गेलेले शिक्षण लेनीने चाळिशीनंतर हाती घेतले. मुक्त विद्यापीठातून २००७ मध्ये इंग्रजी साहित्याची पदवी, मग एम.ए. आणि साठाव्या वर्षी, २०१८ मध्ये, डॉक्टरेट. विषय होता प्रसारमाध्यमांतले कृष्णवर्णीय. मधल्या काळात, २००९ मध्ये, त्याने शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’ रंगभूमीवर साकारला. ही भूमिका इंग्लंडमध्ये पिढ्यान्पिढ्या गोरे नट तोंड काळे करून करत आले होते, हे लक्षात घ्या.

२०१४ च्या एका गाजलेल्या व्याख्यानात त्याने आकडेच मांडले. ब्रिटनच्या टी.व्ही.सकट सर्जनशील माध्यमांच्या धंद्यात काळ्या, आशियाई आणि इतर अल्पसंख्याकांचे प्रमाण २००६ साली ७.४ टक्के होते, ते २०१२ मध्ये ५.४ टक्क्यांवर घसरले. पडद्यावर एखादा लेनी चमकतो, पण पडद्यामागे कोणाला घ्यायचे हे ठरवणाऱ्या खुर्च्यांवर कोण बसले आहे? हा प्रश्न धसाला लावण्यासाठी २०२० मध्ये बर्मिंगहॅम सिटी विद्यापीठात त्याच्या नावाचे अभ्यासकेंद्र निघाले.

मार्च २०२४ मध्ये त्याने ‘रेड नोज डे’च्या सूत्रसंचालनाचा निरोप घेतला. पण तो स्वस्थ बसला नाही. २०२५ मध्ये पत्रकार मार्कस रायडर यांच्यासोबत त्याने गुलामगिरीच्या भरपाईवर पुस्तक लिहिले. १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करताना ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड भरपाई दिली. ती दिली गुलामांच्या मालकांना! गुलामांना छदामही मिळाला नाही. त्यासाठी काढलेले कर्ज सरकारी तिजोरीतून पूर्ण फिटले ते २०१५ साली. त्याच साली लेनीला ‘सर’ हा किताब मिळाला. तोवर जमैकाच्या मळ्यांत राबलेल्या गुलामांचे नातू-पणतू ब्रिटनमध्ये जो कर भरत होते, तोही त्या तिजोरीतच जात होता.