पाचाला एक

अकलूजच्या अलीकडे, नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर दोन्ही बाजूंना ऊस उभा आणि मधूनच उग्र, मातकट, किंचित गोडसर वास आला. उसाच्या मुलखात हळद शिजत होती, म्हणून उतरलो.

अक्षय तृतीयेच्या सुमारास लावलेली सेलम जातीची हळद नुकतीच काढली होती. शेताचे मालक पहिल्याच वाक्यात म्हणाले, "पाचाला एक." पाच क्विंटल ओली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश केली की जेमतेम एक क्विंटल हाती लागते. काहिलीत दोन-अडीच तास घेणारा घाणा वाफेच्या कुकरमधून आता पाऊण तासाच्या आत उतरतो, याचं त्यांना कौतुक होतं.

मी मात्र पुन्हा पुन्हा ओल्या हळदीच्या ढिगाकडे जात होतो. तिथे बसलेल्या मावशी गड्ड्याची हळकुंडं मोडून माती झाडत, जेठे गड्डे एकीकडे, हळकुंडं दुसरीकडे टाकत होत्या. हात थांबतच नव्हता. बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पिवळी, नखं तपकिरी. "धुतलं तरी हप्ताभर जात न्हाई," म्हणाल्या. घाणा उतरला की एक हळकुंड उचलून त्यात काडी खुपसायच्या. "काडी सरळ गेली पायजे, पर हळकुंड पिचाय नको." कच्चं राहिलं तर रंग आतून सारखा पसरत नाही, जास्त झालं तर फिका पडतो. जाड गड्डे आणि बारीक हळकुंडं एकत्र शिजवली की दोन्ही बिघडतात. म्हणजे सांगलीच्या सौद्यात ज्या रंगाला बोली लागते, तो या ढिगाशी ठरतो.

शिवारात मात्र याला 'निवडायचं काम' म्हणतात, हलकं म्हणून. पोती उचलणाऱ्याला रोज जास्त, मावशींना कमी. मला हे पटत नाही.

शिजलेल्या हळदीला पुढे दहा-पंधरा दिवस ऊन, रात्री ताडपत्री. चांगलं वाळलेलं हळकुंड मोडलं की खणकन वाजतं. मग ढोलात फिरवून साल झाडायची, चमक आणायची. त्यात आणखी वजन जातं, तेही व्यापाऱ्याच्या डोळ्यांसाठी.

पाचाला एक. या हिशेबात मालकांनी बेणं, खत, बॉयलरचं भाडं, सांगलीपर्यंतची गाडी असं एकेक सांगितलं. मावशींचा रोज शेवटी, 'बायांची मजुरी' म्हणून, एका दमात आला.