मुंबईच्या आकाशांतील ध्रुवप्रकाश

रात्रीच्या आकाशांत हेलावणारे ध्रुवप्रकाशाचे रंगीत पडदे म्हटले म्हणजे नॉर्वे, आइसलंड असे हिमप्रदेश डोळ्यांपुढें येतात. परंतु 4 फेब्रुवारी 1872 च्या रात्रीं ते मुंबईसही दिसल्याची वार्ता तत्कालीन वृत्तपत्रानें दिली होती, हें ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल. छत्रपती संभाजीनगर तर मुंबईहून किंचित् उत्तरेसच आहे.

याचें मूळ सूर्यावर आहे. तेथें मोठा उद्रेक झाला म्हणजे विद्युद्भारित कणांचे लोट पृथ्वीवर येऊन आदळतात, तिचें चुंबकीय क्षेत्र क्षुब्ध होतें आणि ध्रुवाभोंवतालचें प्रकाशाचें कडें विषुववृत्ताकडे सरकतें. दूर दक्षिणेस त्याचा खालचा हिरवा भाग क्षितिजाआड राहतो. 200 किलोमीटरांहून उंच असलेल्या प्राणवायूची तांबूस प्रभाच बहुधा दिसते. मे 2024 मध्यें लडाखांतील हानले येथें कॅमेऱ्यांनीं अशीच प्रभा टिपली.

ही शोभा निरुपद्रवी मात्र नव्हे. 1872 च्या त्या वादळांत मुंबई-एडन सागरी तारेचा व्यवहार कांहीं तास विस्कळीत झाला. आतां तर वीजवाहिन्या व उपग्रह यांवर घरोघरचे व्यवहार अवलंबून आहेत. 1904 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणाऱ्या अलिबागच्या वेधशाळेचें काम म्हणूनच केवळ पंडितांच्या कुतूहलाचें राहिलेलें नाहीं.