गोंगाटातली गोष्ट



कॉलेजला जाणारं पोर कानात इअरफोन घालून बसतं आणि शेजारी आपल्याला नुसती धडधड ऐकू येते, मधूनच एखादी किंकाळी. "कसला हा गोंगाट!" म्हणून आपण उठून जातो. त्या गोंगाटाला हेवी मेटल म्हणतात, आणि आज आम्ही त्यातल्याच एका अल्बमबद्दल बोलणार आहोत. नाव आहे 'ऑपरेशन: माइंडक्राइम'. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या क्वीन्सराइक या बँडने तो १९८८ साली काढला. आमच्या गटातल्या चौघींनी बैठक संपल्यावर तो दोनदा ऐकला. पहिल्यांदा डोकं दुखलं, हे खरं.

आधी हा आवाज असा का, ते सांगतो. हेवी मेटल वाढलं ते इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीत. तिथल्या ब्लॅक सबाथ या बँडचा पहिला अल्बम १९७० सालचा. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली आणि वाजवणं सोडलं नाही. तारा दाबायला सोपं जावं म्हणून पुढे तो त्या ढिल्या करून वाजवू लागला. तार ढिली झाली की स्वर खाली उतरतो, जड होतो. विजेच्या गिटारचा आवाज मुद्दाम फाडून, खरखरीत करून काढायची रीतही या संगीतात आहे. म्हणजे आपल्याला जो बिघाड वाटतो, तो त्यांनी ठरवून केलेला असतो. संबळाचा आवाज तरी कुठे गोड असतो? पण तो घुमल्याशिवाय गोंधळ उभा राहत नाही.

गोंधळाचं नाव घेतलं ते उगाच नाही. गोंधळात आधी गण होतो, देवांना आवतण जातं, मग आख्यान लागतं. मधलंच एक पद उचलून ऐकलं तर चाल आवडेल, पण कोण कुणासाठी रडतंय ते कळणार नाही. काही अल्बम असेच असतात. सगळी गाणी मिळून एकच गोष्ट सांगतात. त्याला कन्सेप्ट अल्बम म्हणतात. माइंडक्राइममध्ये १५ तुकडे आहेत, काही मोठी गाणी, काही मिनिटभराचे दुवे, आणि सगळं मिळून साधारण तासाभराचं ऐकणं आहे.

गोष्ट अशी. निकी नावाचा तरुण, (नाव निकी असलं तरी मुलगा आहे बरं का,) हॉस्पिटलच्या खाटेवर पडलाय आणि त्याला हळूहळू मागचं आठवतंय. त्याला नशेची सवय आहे. पुढाऱ्यांचा, पैशाच्या मागे लागलेल्या धर्मगुरूंचा त्याला राग आहे, आणि तो राग खोटा नाही. इथेच डॉक्टर एक्स नावाचा माणूस त्याला गाठतो. क्रांती करू म्हणतो, नशेचा माल पुरवतो, आणि फोनवरून एक ठरलेला शब्द उच्चारला की निकी सांगितलेल्या माणसाचा खून करून येतो. आडवी बाटली करून दारूचं दुकान बंद पाडणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळं समजावायला नको. निवडणुकीच्या दिवसांत पोरांच्या हातात बाटली कोण देतं आणि मग त्यांच्याकडून काय करून घेतं, ते आपण पाहतोच. मुलाचा राग खरा असतो, पण त्याचा लगाम दुसऱ्याच्या हातात जातो. या अल्बमचं आम्हाला वाटलेलं मोल इथे आहे. मेटल ऐकून पोरं बिघडतात असं म्हणतात, आणि हा अल्बम तर नशेने माणसाचा गुलाम कसा होतो तेच सांगतो.

ऐकताना शब्द कळले नाहीत तरी कान देण्याच्या जागा आहेत. सुरुवातीला हॉस्पिटलातल्या घोषणा आणि नर्सचा आवाज येतो. मग ढोल आणि जमावाच्या आरोळ्या, जणू मोर्चा निघालाय. पुढे फोन वाजतो, तिथे सावध व्हा. निकी नशा सोडायचं ठरवतो ते गाणं सगळ्यात वेगाने पळतं. सुटायला निघालेल्या माणसाच्या छातीची धडधड ड्रममध्ये ऐकू येते, आणि डॉक्टर एक्स काही त्याला सोडत नाही.

मधोमध दहा मिनिटांहून मोठं एक गाणं आहे, ते मात्र खाली बसून ऐका. तिथे सिस्टर मेरी येते. रस्त्यावर देह विकावा लागलेली ही मुलगी. एका पाद्र्याने तिला तिथून उचललं, नन केलं आणि पुढे स्वतःच तिच्यावर अत्याचार करत राहिला. निकीला माणूस म्हणून वागवणारी ती एकटीच, आणि तिलाच मारायचा हुकूम निकीला मिळतो. पाऊस, चर्चमधलं समूहगान, आणि त्यात पामेला मूर या गायिकेचा आवाज. निकीचा आवाज जेफ टेटचा, तो उंच चढतो. ती त्याच्यापुढे दबत नाही.

निकी तिला मारत नाही. पण पुढे ती मेलेली सापडते. कुणी मारलं, की तिनेच जीव दिला, हे अल्बम सांगत नाही. त्यानंतरची गाणी निकीच्या दुःखाची आहेत आणि ती सुंदर आहेत, तरी आमच्यात इथे वाद झाला. इतकं सोसलेली बाई गोष्टीत आली ती पुरुषाला रडवण्यापुरतीच का? तिचं स्वतःचं एखादं गाणं का नाही? आमच्यातली एक म्हणाली, आपल्या आख्यानांत तरी बायकांचं वेगळं काय होतं? उत्तर कुणाकडेच नव्हतं.

शेवटच्या गाण्यात निकी आरशात बघतो आणि समोरचे डोळे त्याला परक्याचे वाटतात. तिथे गोष्ट पुन्हा हॉस्पिटलच्या खाटेशी येते. म्हणून संपल्यावर पहिला तुकडा परत लावा, नर्सचा तो आवाज आता वेगळा लागतो.

ऐकायचं असेल तर मोबाइलवर अल्बमचं पूर्ण नाव टाकून शोधा आणि गाणी क्रमानेच लावा, उलटसुलट लागली तर सगळा घोळ होतो. घरातल्या मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवून इंग्रजी शब्दांचा अर्थ विचारा. आवाज आधी निम्म्यावर ठेवा, शिव्याही आहेत, म्हणून लहान लेकरं झोपल्यावर लावलेलं बरं.