किल्ली माझ्या हातात!

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणींकडे ड्रायव्हिंग लायसन्स आहे? आणि त्यातल्या कितीजणी खरोखर गाडी चालवतात? माझं लायसन्स नऊ वर्षं कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी अगदी सुरक्षित होतं! गाडी चालवायचे ते 'हे'. मी शेजारी बसून पाण्याची बाटली पुढे करायची, एवढाच माझा वाटा.

दोन वर्षांपूर्वी एका रात्री सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं. हे कामासाठी नाशिकला गेलेले. गाडी दारात, किल्ली खुंटीला. पण आमच्या बोळातून गाडी मागे घ्यायचं धाडस मला होईना. शेजारच्या मुलाला उठवलं, त्याने गाडी काढली. यात वीस मिनिटं गेली. सासूबाई बऱ्या झाल्या, पण ती वीस मिनिटं माझ्या मनातून जाईनात. बचत गटाच्या बैठकीत 'स्वावलंबी व्हा' असं बायकांना सांगताना माझीच जीभ अडखळायची.

पुण्याची माझी भाची मोटार क्लबच्या स्पर्धांमध्ये भाग घेते. ती म्हणाली, "मावशी, या वेळी तू पण नाव दे. नवशिक्या बायकांसाठी वेगळा गट आहे." माझ्या तर पोटात गोळाच आला. या वयात रेस? लोक काय म्हणतील? हे नुसतेच हसले. सासूबाई मात्र म्हणाल्या, "जा गं तू. त्या रात्रीसारखं पुन्हा नको."

झालं! शनिवारी सकाळी सासवडहून निघून आम्ही पुण्याबाहेरच्या एका मोकळ्या मैदानावर हजर. टीव्हीवर दिसते तशी ही एकमेकींना धडकणारी शर्यत नसते. हिला ऑटोक्रॉस म्हणतात. मैदानावर प्लॅस्टिकचे केशरी कोन मांडून वळणावळणाची वाट आखलेली असते. एका वेळी एकच गाडी सुटते आणि घड्याळ लावून वेळ मोजतात. कोन पाडला की वेळेत दंडाची सेकंदं वाढतात. आमच्याकडे एका कोनाला पाच. वाट चुकली तर ती फेरीच बाद.

आधी गाडीची तपासणी झाली. ब्रेक, टायर, बॅटरीच्या वायरी, सीटबेल्ट, सगळं पाहिलं. गाडीतली सुटी वस्तू बाहेर काढायला लावली, अगदी डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा! जोरात ब्रेक दाबला तर सुटी वस्तू डोक्यात बसते. मग आमची तपासणी. हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि बंद बूट सक्तीचे. माझी ओढणी आणि चप्पल दोन्ही बाहेर! मग सगळ्यांनी ती वाट पायी चालून पाठ केली. लाल झेंडा दिसला की जागच्या जागी थांबायचं, हेही बजावून सांगितलं.

खरं शिक्षण मिळालं ते सरावात. मी सीट पुढे ओढून स्टीअरिंगला अगदी चिकटून बसले होते. शिकवणाऱ्या ताईंनी ती मागे सरकवली. पाठ टेकून हात लांब केले की मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. एअरबॅग उघडते तेव्हा फार जवळ बसलेल्यालाच इजा होते, म्हणून छाती आणि स्टीअरिंग यांत निदान वीतभराहून जास्त अंतर ठेवायचं. हात कसे? घड्याळात पावणेतीन वाजले की काटे असतात तसे.

दुसरा धडा नजरेचा. मी बॉनेटच्या पुढ्यातच बघत होते. ताई म्हणाल्या, "जिथे जायचंय तिकडे बघा. कोनाकडे बघाल तर कोनावरच जाल." आणि तसंच झालं हो! तिसरा धडा ब्रेकचा. वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करायचा, वळणात नाही. एकदा मुद्दाम पूर्ण जोर लावून ब्रेक दाबायला लावला. पायाखाली पेडल थडथडलं आणि मी घाबरून पाय उचलला. ते थडथडणं म्हणजे एबीएस आपलं काम करतंय. पाय दाबूनच ठेवायचा. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे, पण त्याची ही ओळख कोणी करून देतं का?

रविवारी प्रत्यक्ष स्पर्धा. प्रत्येकीला तीन फेऱ्या, त्यांतली सर्वांत चांगली वेळ धरायची. हिरवा झेंडा पडला आणि माझी गाडी तिथल्या तिथे बंद! पुन्हा सुरू केली, तर घाईत वाट चुकले. फेरी बाद. हेल्मेटच्या आत डोळे भरून आले. दुसऱ्या फेरीत दोन कोन पाडले, दंड धरून दोन मिनिटं दोन सेकंद. तिसऱ्या वेळी मात्र नजर लांब ठेवली, मनातली गर्दी बाजूला सारली. एक मिनिट चव्वेचाळीस सेकंद, एकही कोन न पाडता! नऊजणींत माझा नंबर सातवा. पण टाळ्या अशा वाजल्या, की जणू मीच पहिली आले.

भाचीने मग सांगितलं, १९५८ साली इटलीच्या मारिया तेरेसा दे फिलिप्पिस फॉर्म्युला वन शर्यतीत उतरणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या आणि बेल्जियमच्या शर्यतीत दहाव्या आल्या. म्हटलं, माझा सातवा म्हणजे काही वाईट नाही!

कोणाला जावंसं वाटलं, तर दोन गोष्टी सांगते. नेहमीच्या मोटार विम्यात शर्यतीत झालेलं नुकसान धरत नाहीत, तेव्हा पॉलिसी आधी वाचा. मान्यताप्राप्त स्पर्धांना मोटार क्लबांच्या देशपातळीवरच्या संघटनेचं, एफएमएससीआयचं, वेगळं लायसन्सही लागतं. आणि मुलांनाही बजावा, की वेगाची हौस मैदानावरच. रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतं.

संध्याकाळी घरी निघताना हे सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे गेले. मी म्हटलं, "किल्ली द्या." दिवेघाट मी चढवला. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, मी माझ्या गतीने चालले होते. हे शेजारी बसून पाण्याची बाटली पुढे करत होते!

घरी आल्यावर आमच्या बोळात गाडी मागे घेतली. दोनदा अडकली, तिसऱ्यांदा बसली. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, नुसती मान हलवली. आता किल्ली खुंटीलाच असते, पण रोज एकदा तरी ती माझ्या हातात येते.

मैत्रिणींनो, रेसला जायलाच हवं असं नाही. पण कपाटातलं लायसन्स बाहेर काढा, एखाद्या रविवारी मोकळं मैदान गाठा. अडचणीची वेळ सांगून येत नाही. आली, तर निदान शेजारच्या मुलाला उठवावं लागू नये!