गोळी सुरू झाली आणि जवळचं धूसर दिसू लागलं?

चाकण-भोसरीच्या कारखान्यात व्हर्निअरच्या रेघा अचानक पुसट दिसू लागल्या, की कामगार चष्म्याचं दुकान गाठतो. चाळिशी उलटलेल्याने तसं करणं साहजिकच. पण चाळिशीचा चष्मा हळूहळू लागतो, औषधाची धूसरता मात्र गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर थोड्याच दिवसांत जाणवते. नैराश्यावरचं अॅमिट्रिप्टिलिन किंवा मानसविकाराच्या औषधांमुळे येणाऱ्या थरथरीवर देतात ते ट्रायहेक्सिफेनिडिल, दोन्ही जवळचं स्पष्ट दाखवणारा डोळ्यातला स्नायू सैल करतात. डोस बदलला की बहुधा नजर पूर्ववत होते, म्हणून चष्म्याची घाई नको.

हा दुष्परिणाम डॉक्टरांनी आधी सांगितला तर पेशंट गोळ्याच सोडेल, ही भीती अगदीच निराधार नाही. पण न सांगितलेला पेशंटही घाबरून गोळ्या सोडतोच, तेही कुणाला न विचारता, आणि आजार उलटतो. प्रेस किंवा फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला तर पहिल्याच भेटीत हे कळायला हवं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दुष्परिणाम जाणून घेण्याचा हक्कच दिला आहे. मात्र डोळा लाल होऊन ठणकत असेल, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, उलट्या होत असतील, तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो. तेव्हा पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच तासाला रुग्णालय गाठावं आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत.