आमच्याही गावाला किनारा आहे

गेल्या दिवाळीनंतर मालवणहून माझे एक मावसभाऊ सहकुटुंब भोपाळास आले होते. वयाने माझ्याहून वडील, म्हणून आम्ही सारे त्यांना दादा म्हणतो. पाहुण्यांना दाखवावयाच्या चार-दोन गोष्टी प्रत्येक भोपाळकराच्या पदरी असतात. माझ्या पदरी श्यामला टेकडीवरचे मानव संग्रहालय आहे. १९७७ साली दिल्लीत स्थापन झालेली आणि १९७९ साली आपल्या गावी आलेली ही संस्था. टेकडीवर सुमारे दोनशे एकरांत, देशाच्या निरनिराळ्या भागांतील लोकांना बोलावून, त्यांच्याच हातून त्यांच्या पद्धतीची घरे तेथे उभी करविली आहेत. त्यांतला एक भाग समुद्रकाठच्या वस्त्यांचा आहे. तो पाहून दादा खुलले. सगळे फिरून झाल्यावर मला म्हणाले, "घर हाडलास, होडी हाडलास, पण दर्या खंय?"

मी त्यांना टेकडीच्या कडेशी नेले. खाली आपले मोठे तळे पसरले होते. उन्हे कलली होती आणि पाण्यावर दोन-तीन लहान होड्या होत्या. एकीत एक माणूस उभा राहून जाळे आवरीत होता. दादा बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी लागोपाठ तीन प्रश्न विचारले: हे लोक कोण? राहतात कुठे? आणि ह्यावर त्यांचे भागते का?

तिहींपैकी एकाचेही धड उत्तर मला देता आले नाही. आमच्या घराण्याची ही चौथी पिढी ह्या गावात नांदते आहे. ह्या तळ्याचे पाणी पिऊन आम्ही वाढलो. "ताल तो भोपाल ताल, बाकी सब तलैया" ही म्हण आम्ही परगावच्या पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात ऐकवितो. आणि त्याच तळ्यावर पोट भरणाऱ्या माणसांविषयी मला काही ठाऊक नव्हते! त्या लाजेपोटी गेले काही महिने मी थोडे वाचले, थोडे हिंडलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम तळ्याविषयी. अकराव्या शतकात परमार राजा भोज ह्याने मातीचा बांध घालून कोलांस नदीचे पाणी अडविले, असे परंपरा सांगते. कमला पार्काशी तो बांध आजही आहे. १७९४ साली नवाब हयात महंमद खान ह्यांच्या अमदानीत त्यांचे दिवाण छोटे खान ह्यांनी खालचे, धाकटे तळे बांधविले. १९६० नंतरच्या दशकात भदभद्याला अकरा दरवाजे बसले आणि मोठ्या तळ्याची पातळी वाढली. पुरते भरले म्हणजे ते सुमारे ३१ चौरस किलोमीटर पसरते, आणि त्यात येणारे पाणी ३६१ चौरस किलोमीटरांच्या टापूवरून वाहत येते. हा टापू बव्हंशी शेतीचा आहे. म्हणजे सीहोरकडच्या शेतात टाकलेले खत आणि औषध पावसाबरोबर थोडेफार आपल्या तळ्यात उतरतेच. २००२ च्या ऑगस्टात दोन्ही तळी मिळून "भोज पाणथळ" ह्या नावाने रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. इराणमधील रामसर गावी १९७१ साली झालेल्या कराराची ही यादी असून, जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागा तीत नोंदल्या जातात.

आता अभ्यासकांविषयी. बरकतउल्ला विद्यापीठात सरोवरशास्त्राचे स्वतंत्र अध्ययन चालत आले आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? हे विद्यापीठ १९७० साली भोपाळ विद्यापीठ म्हणून निघाले आणि १९८८ पासून क्रांतिकारक मौलाना बरकतउल्ला भोपाली ह्यांचे नाव मिरवीत आहे. तेथील आणि इतर संस्थांतील संशोधकांनी आपल्या तळ्याची जी तपासणी केली आहे, तशी एखाद्या श्रीमंत रोग्याचीही होत नसेल. काळ्यापांढऱ्या चकत्यांची एक थाळी दोरीने पाण्यात सोडावयाची आणि ती कोठवर दिसते ते मोजावयाचे. थाळी लवकर दिसेनाशी झाली की पाणी गढूळ. बाटल्यांत पाणी भरून त्यात विरघळलेला प्राणवायू पाहावयाचा. तो घटला की माशांचा जीव घुसमटतो. सूक्ष्म शेवाळ मोजावयाचे. ते माजले की समजावे, सांडपाणी आणि खत ह्यांनी तळ्याला नको इतके पोसले आहे.

पण पाणी मोजणे वेगळे आणि पाण्याकाठचा माणूस मोजणे वेगळे. ह्या दुसऱ्या कामाचा एक नामांकित प्रयत्न आपल्याच गावी झाला. भदभद्याजवळच्या टेकडीवर भारतीय वन प्रबंध संस्था आहे. तिची देखणी वास्तू अनंत राजे ह्या मराठी वास्तुशिल्पकाराने उभारली, हे जाता जाता सांगावयास हवे. तेथील अर्थशास्त्राच्या प्राध्यापक मधू वर्मा ह्यांनी २००१ साली भोज पाणथळाचे आर्थिक मोल काढण्याचा अभ्यास सिद्ध केला. तळ्याची किंमत काढावयाची ती कशी? पिण्याचे पाणी किती जणांना मिळते. कोळी, नावाडी, धोबी आणि शिंगाडा लावणारे त्यावर किती मिळवितात. तळे दिसते म्हणून घराच्या किमतीत किती भर पडते. आणि तळे नीट राहावे म्हणून सामान्य नागरिक पदरचे किती देण्यास तयार आहे, अशा बाजूंनी तो हिशेब मांडला होता. एरवी कुणाच्या खिजगणतीत नसलेला धोबी आणि शिंगाडेवाला त्या हिशेबात आला, हेच मला त्या अभ्यासाचे मोठे यश वाटते.

त्याच सुमारास, म्हणजे १९९५ ते २००४ ह्या काळात, जपानच्या कर्जातून सुमारे २४७ कोटी रुपये खर्चून तळी सुधारण्याची मोठी योजना चालली होती. गाळ उपसला गेला, सांडपाणी वळविले गेले, काठाने झाडे लागली, धोबीघाट दुसरीकडे हलविले गेले. पाण्यासाठी हे आवश्यक होते, ह्याविषयी वाद नाही. परंतु घाट हलविला म्हणजे धोब्याचे गिऱ्हाईक त्याच्यामागे चालत जात नाही. एकाच कामात तळ्याचे भले आणि तळ्याकाठच्या माणसाची ओढाताण अशा दोन्ही गोष्टी असतात, आणि योजनेच्या कागदावर बहुधा पहिलीच लिहिली जाते.

हे सारे वाचून झाल्यावर एका सकाळी मी काठावर गेलो. मध्यप्रदेशात मांझी, केवट, ढीमर अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या जातींची ही माणसे. एक साठीतला गृहस्थ जाळ्याची वीण नीट करीत बसला होता. मी चौकशी सुरू केली तेव्हा त्याने मान वर न करता विचारले, "सर्वेवाले हो, बाबूजी?" नाही म्हटल्यावर तो हसला. "पानी देखने वाले बहुत आते हैं. आप बैठो, चाय पियो."

चहा येईपर्यंत तो बोलत राहिला. मासेमारीचा हक्क सहकारी संस्थेमार्फत मिळतो. रोहू, कतला, मृगळ ह्यांचे बीज सोडले जाते. १६ जून ते १५ ऑगस्ट मासे पिले घालतात म्हणून मासेमारी बंद. ते दोन महिने मिळेल ती मजुरी. त्याच्या घरची माणसे उथळ पाण्यात शिंगाडाही लावतात. पावसाळ्यात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून वेल सांभाळावयाचे आणि पाऊस सरला की काटेरी फळे तोडावयाची. बोटांची कातडी पाहूनच ते काम कसे असेल ते कळत होते. एकादशीला आपल्या घरी शिंगाड्याच्या पिठाचा शिरा होतो, तेव्हा ह्या बोटांची आठवण मला ह्यापुढे राहील.

त्याचा थोरला मुलगा शहरात मोटारसायकलवरून घरोघर डबे पोचवितो. धाकटा होडीवर येतो, पण मन लावीत नाही. "उसको तैरना आता है, जाल डालना नहीं आता," असे तो म्हणाला, आणि ह्यात तक्रार होती की समाधान, ते मला उमगले नाही. २००९ च्या सुमारास पावसाने दगा दिला आणि तळ्याचा मोठा भाग उघडा पडला, त्या वर्षांची गोष्ट निघाली. तेव्हा गाळ उपसण्याच्या श्रमदानाला सारे शहर लोटले होते. मीही दोन टोपल्या उचलून छायाचित्र काढून घेतले होते. त्या वर्षी त्याच्या घरी काय शिजत होते हे विचारावयास मात्र आपण कुणी गेलो नव्हतो. आपल्याला कोलारचे पाणी होते, पुढे नर्मदेचेही आले. त्याला दुसरे तळे नव्हते.

दादांना हे सारे मी सविस्तर पत्राने कळविले. त्यांचे उत्तर आले ते त्यांच्या गावच्या रापणीविषयी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे मोठे जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळ टाकावयाचे आणि दोन्ही टोके वाळूत उभ्या राहिलेल्या वाडीने ओढून घ्यावयाची. आलेल्या मासळीत होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येक हाताचा वाटा. पुढे यांत्रिक नौका आणि पर्ससीनची प्रचंड जाळी आली. मासळीचे थवेच्या थवे दूर समुद्रातच घेरले जाऊ लागले आणि रापण रिकामी येऊ लागली. मालवण-वेंगुर्ल्याच्या पारंपरिक मच्छीमारांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला. डॉ. सोमवंशी ह्यांच्या समितीने अभ्यास करून २०१२ साली अहवाल दिला आणि २०१६ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले. तंटा त्याने संपला असे नाही. पण किनाऱ्यावरचा माणूस जे सांगत होता त्याला शास्त्राचा आधार मिळाला. दादा लिहितात, "आमच्याकडे आधी भांडण झाले, मग अभ्यास. तुमच्याकडे अभ्यास आधीच झालेला आहे. मग अडले कुठे?"

अमेरिकेच्या एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या विदुषीला २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते ह्याच जातीच्या प्रश्नासाठी. सामायिक कुरण, सामायिक पाणी, सामायिक मासळी, ह्यांचा नाश ठरलेलाच असतो, असे पंडित म्हणत. ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांनाच नियम करू दिले, तर ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात, हे त्यांनी जगभरची उदाहरणे गोळा करून दाखविले. रापणीचे वाटे म्हणजे असलाच एक नियम. आपल्या भोपाळची दंतकथाही हेच सांगते. राजा भोजाला ३६५ झऱ्यांचे पाणी एका तळ्यात हवे होते. काही झरे कमी पडू लागले, तेव्हा दडलेला प्रवाह दाखविला तो कालिया नावाच्या गोंड नायकाने. कालियासोत हे नाव त्याचेच. राजाच्या जाणत्यांना जे सापडले नाही, ते तेथे राहणाऱ्याला ठाऊक होते.

आता थोडे आपल्या घरचे. लहानपणी शीतलदासाच्या बगियाशी आम्ही गणपती बोळवीत असू. मूर्ती वर्षावर्षाला मोठ्या आणि चकचकीत होत गेल्या. मातीची जागा प्लास्टरने घेतली. विसर्जनानंतर पाण्यात जड धातूंचे प्रमाण वाढते, असे भोपाळच्या तळ्यांवरील संशोधनात आढळले आहे. पुढे प्रेमपुऱ्याला विसर्जनाचा वेगळा घाट झाला, कृत्रिम कुंडे आली. आमच्या घरी मात्र, "एवढ्याशा मूर्तीने काय होते," असे म्हणत, कितीतरी वर्षे रंगीत मूर्तीच येत राहिली. काठावर चहा पिताना मला ते आठवले आणि त्या वाटीभर पाण्यातही आपला रंग असावा असे उगाच वाटून गेले.

२०२३ साली राष्ट्रीय हरित लवादाने मोठ्या तळ्यावरील यांत्रिक नौका बंद करण्याचा आदेश दिला. पाण्यासाठी ते योग्यच झाले असेल. पण असा प्रत्येक निर्णय होताना नावाडी, कोळी, शिंगाडेवाला ह्यांना त्या बैठकीत बसावयास जागा असावी, आणि पाण्यातला प्राणवायू जसा दरसाल मोजतात तसे त्यांच्या घरचे उत्पन्न, आजारपण आणि मुलांची शाळाही मोजली जावी, एवढे आपण जुने भोपाळकर मागू शकतो. आपल्यातील कितीतरी मुले-मुली विद्यापीठात शिकतात; प्रबंधाचा विषय दूर शोधावयाची त्यांना गरज नाही.

यंदा आमच्याकडे शाडूचा गणपती यावयाचा आहे. विसर्जन घरच्या बादलीत, असे नातवाने ठरविले आहे. येत्या थंडीत दादा पुन्हा येणार आहेत. त्यांना टेकडीवर न्यावयाचे नाही. थेट खाली काठावर न्यावयाचे, असा बेत आहे. जाळ्याची वीण कशी घालतात, ह्यावर त्या दोघा म्हाताऱ्यांचे बोलणे मला ऐकावयाचे आहे.